मॅडमना जरा बरं नाही

सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी माझी पत्नी वारली. ती शाळेत भूगोल शिकवत होती. त्याच शाळेचं ग्रंथालय मी सांभाळतो.

शाळा मारुंजीहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. वर्गाच्या एका खिडकीतून भाताची खाचरं दिसतात आणि दुसऱ्या खिडकीतून त्याच खाचरांवर उभ्या राहिलेल्या इमारती. आम्ही मूळचे परभणीचे. इथे सोसायटीत राहायला आलो तेव्हा तिने गच्चीवर जाऊन चारी दिशांना काय काय आहे ते मला दाखवलं होतं. मला त्यातली पूर्व तेवढी लक्षात राहिली.

नोव्हेंबरअखेर स्लोव्हेनियातल्या एका शाळेतले विद्यार्थी आणि शिक्षक आमच्या शाळेत आठवडाभर यायचे होते. हा सगळा घाट तिने घातला होता. स्लोव्हेनिया नेमका कुठे आहे हे शाळेत फक्त तिला ठाऊक होतं. तिथल्या भूगोलाच्या शिक्षिकेशी ती दोन वर्षं शनिवारी संगणकाच्या खोलीत बसून व्हिडिओवर बोलत असे. बोलण्यात खाजगी काही नसे. पाऊस, धरणं, दगडांचे प्रकार. पण दोन वर्षं दगडांबद्दल बोलत राहिलं की माणसं एकमेकांच्या जवळ येत असावीत. मुळशीचं पाणी पूर्वेला न सोडता घाटाखाली कोकणात उतरवतात आणि वाटेत त्याची वीज करतात, हे त्या बाईंना विलक्षण वाटलं होतं. त्यांना ते धरण पाहायचं होतं. आणि तिला भेटायचं होतं.

आमच्याकडे मृत्यूची बातमी फोनवर सरळ देत नाहीत. ती गेली त्या सकाळी माझ्या धाकट्या भावाने परभणीला फोन केला आणि म्हणाला, "वहिनींना जरा ॲडमिट केलंय. तुम्ही निघा." सासऱ्यांनी कुठल्या दवाखान्यात, काय झालं, असं काहीही विचारलं नाही. "निघतो," म्हणाले आणि फोन ठेवून भावकीत कळवायला सुरुवात केली. आपल्या माणसांना एवढं पुरतं. वाक्यात 'जरा' आलं आणि पाठोपाठ 'निघा' आलं, की पुढचं ज्याचं त्याने समजायचं असतं.

आमच्या मुख्याध्यापिकांनी स्लोव्हेनियाला कळवलं तेही असंच. मेल इंग्रजीत होता, रीत आपली होती. 'मॅडमची तब्येत जरा गंभीर झाली आहे. दौरा ठरल्याप्रमाणे व्हावा ही विनंती.' तिकडून दुसऱ्याच दिवशी सदिच्छा आल्या. मग काही दिवसांनी प्रश्न आला की आता कशा आहेत? मुख्याध्यापिकांनी लिहिलं, 'मॅडम यापुढे कार्यक्रमात नसतील. त्यांचं काम त्यांचे पती पाहतील.' यावर उत्तर आलं की विश्रांती घेतलेली केव्हाही उत्तम, आणि असे पती मिळायला भाग्य लागतं.

मुख्याध्यापिकांनी मला बोलावून ते उत्तर वाचून दाखवलं.

"सर, आणखी किती स्पष्ट लिहायचं? आपल्यात कुणालाही पहिल्या ओळीत कळलं असतं."

"त्यांना कळलेलं दिसत नाही," मी म्हणालो.

"मग आल्यावर सांगू. समोरासमोर सांगितलेलं बरं. प्रवासातल्या माणसाला कशाला?"

प्रवासातल्या माणसाला सांगत नाहीत, हेही आमच्याकडचंच. त्यांचा प्रवास सुरू व्हायला अजून बराच अवकाश होता. पण तिकिटं निघाली होती, म्हणजे ते वाटेतच होते असं मानायला हरकत नव्हती.

मी स्वतः लिहू शकलो असतो. दोनदा बसलोही. पहिलं वाक्य जमलं. दुसरं काय लिहायचं ते सुचेना, आणि एकाच वाक्याचा मेल उद्धट वाटतो.

ते आले त्या सोमवारी फाटकापासून व्यासपीठापर्यंत लेझीम होती, ढोल होते, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर फेटा बांधायला एक माणूस पौडहून आणला होता. पाहुण्या बाई पन्नाशीच्या पुढच्या होत्या, उंच, चालायचे बूट घातलेल्या. फेटा बांधून झाल्यावर त्या गर्दीतून सरळ माझ्याकडे आल्या. कधीतरी शनिवारी मी चहा घेऊन त्या खोलीत गेलो असेन, तेव्हा त्यांनी मला पडद्यावर पाहिलं होतं.

"तुम्ही तिचे पती," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ती कशी आहे?"

"तशीच आहे," मी म्हणालो.

ढोलामुळे त्यांना ऐकू गेलं नाही. मला तेच पुन्हा मोठ्याने ओरडून सांगावं लागलं. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि पिशवीतून एक मधाची बाटली आणि कागदांचं एक जाड पाकीट काढून माझ्या हातात दिलं. मध त्यांच्या भावाच्या पेट्यांमधला होता, आजाऱ्याला चांगला. पाकिटात त्यांच्या वर्गाने रंगवलेली शुभेच्छापत्रं होती. सगळ्यांवर 'लवकर बऱ्या व्हा' असं मराठीत लिहिलं होतं. अक्षरं कुठून तरी बघून काढलेली होती, पण शुद्ध होती.

जेवणानंतर शिक्षकांच्या खोलीत बैठक झाली. पीटीचे सर म्हणाले, "मॅडम, आजच सांगून टाका. नंतर अवघड होतं."

"आज? अजून पोरांच्या डोक्यावरचे फेटे उतरले नाहीत."

"मग उद्या."

"उद्या वेशभूषा दिन आहे."

"परवा?"

"परवा मेंदी, आणि पालकांचा फूड फेस्ट."

"गुरुवारी?"

"गुरुवारी सहल. सहलीत असलं नको. शुक्रवारी निरोप समारंभ झाला की शांतपणे सांगू."

"म्हणजे बसमध्ये चढताना."

"सर, तुम्ही लेझमीकडे बघा हो."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, चालेल. त्या काळात मी बहुतेक प्रश्नांना चालेल म्हणत होतो. दवाखान्यातही तेच म्हणालो होतो.

पाहुण्या बाई खरं तर आमच्या घरी उतरायच्या होत्या. तसं तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. पण घरात बाई नसताना परक्या बाईला ठेवणं दिसायला बरं नव्हतं, आणि वर्ष सरलेलं नसताना पाहुणा उतरवणंही बरं नव्हतं. म्हणून त्यांची सोय मुख्याध्यापिकांकडे झाली. आमच्या घरी रंगकाम चाललं आहे, असं त्यांना सांगण्यात आलं.

"आजारी माणूस घरात असताना?" बाईंनी विचारलं.

"नाही, त्या माहेरी आहेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "परभणीला."

बाई भूगोलाच्या होत्या. त्यांनी ग्रंथालयात येऊन माझ्याकडून नकाशा मागून घेतला, परभणी शोधलं, आणि तिथपर्यंत रेल्वे जाते का असं विचारलं. मी हो म्हणालो. मग मेंदी चुकवून जाऊन येता येईल का? मी म्हणालो, मुख्याध्यापिकांना विचारा. मुख्याध्यापिकांनी अंतर फार आहे म्हणून सांगितलं. मग निदान व्हिडिओवर दोन मिनिटं? मुख्याध्यापिका म्हणाल्या, तिकडे रेंज नसते.

परभणीत रेंज असते.

मुलांना सोमवारी प्रार्थनेनंतरच ताकीद दिलेली होती. नववीतल्या मुलांनी ती इतकी पाळली की मला आश्चर्य वाटलं. एरवी त्यांच्या पोटात काही राहत नाही. पाहुण्या मुलांना ती सांगत, आमच्या भूगोलाच्या मॅडम फळ्यावर न बघता महाराष्ट्र काढतात, कोकणाची किनार डाव्या हाताने आणि विदर्भ उजव्या हाताने. कुणी वर्गात जांभई दिली तर त्या त्याला उभं करून वाळवंटांची नावं विचारतात. पाहुणी मुलं हसत. आमचीही हसत. मी दाराशी उभा राहून ऐकत असे.

पाहुण्यांचा आठवडा एकंदरीत चांगला चालला होता. पालकांनी आपापल्या फ्लॅटमध्ये मुलं ठेवून घेतली होती आणि त्यांचं पोट बिघडू नये म्हणून सगळ्यांनी एकमेकांना न विचारता रोज पास्ता केला. बुधवारपर्यंत त्या मुलांनी स्लोव्हेनियात महिनाभरात खाल्ला नसेल इतका पास्ता खाल्ला होता.

पाहुण्या बाई सकाळच्या सुट्टीत ग्रंथालयात येत. शिपाईमामा दोन चहा आणून ठेवत. बाई बसत आणि विचारत, "आज कशी आहे?"

"तशीच आहे."

हे खोटं नव्हतं.

"मध पोचला?"

"पोचेल."

मग त्या तिच्याबद्दल बोलत. इंग्रजी आम्हा दोघांनाही परकी, त्यामुळे वाक्यं लहान असत. ती घरीही इतकी भरभर बोलते का? हो. दगड गोळा करते का? स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवते. तुम्ही ओरडत नाही? खिडकी लागत नाही, म्हणून कधी कधी ओरडतो.

तेरावं झाल्यापासून शाळेत माझ्यासमोर कुणी तिचा विषय काढत नव्हतं. मी शिक्षकांच्या खोलीत शिरलो की बोलणं हिंजवडीच्या ट्रॅफिकवर जाई. चांगली माणसं आहेत, त्यांना मला दुखवायचं नव्हतं. ट्रॅफिकबद्दल माझ्याइतकं या तालुक्यात कुणी ऐकलं नसेल. आणि इथे एक बाई रोज सकाळी येऊन ती कशी आहे असं विचारत होती. मी सांगितलं की तो प्रश्न बंद होणार, हे मला समजत होतं. न सांगितलं तर ती बाई सगळा आठवडा एका मेलेल्या माणसाची तब्येत विचारून परत जाणार, हेही समजत होतं. मंगळवारी मी दोन खुर्च्या समोरासमोर लावून ठेवल्या. बुधवारी सुट्टी व्हायच्या आधीच दाराकडे बघायला लागलो.

गुरुवारी सहल निघाली. मुख्याध्यापिका दुसऱ्या दिवशीच्या समारंभासाठी मागे राहिल्या; पीटीचे सर आणि मी बरोबर होतो. धरणाच्या आधी एका शेतावर भाताची झोडणी बघायची आणि जेवायचं असं ठरलं होतं. हेही तिनेच ठरवलेलं. शेतकऱ्याने बरीच जमीन विकून खोल्या बांधल्या होत्या आणि उरलेल्या जमिनीवर तो शहरातल्या लोकांना शेती दाखवत असे. त्याची झोडणी मशिनवर केव्हाच झाली होती. पाहुण्यांसाठी म्हणून त्याने थोड्या पेंढ्या मुद्दाम राखून ठेवल्या होत्या. मुलांनी त्या लाकडावर आपटल्या. दाणे फारसे पडले नाहीत, फोटो भरपूर निघाले.

जेवायला पिठलं आणि तांदळाची भाकरी होती. मुलं झाडाखाली पंगतीत बसली. मी आणि पाहुण्या बाई ओसरीवर बसलो. शेतकऱ्याची आई वाढत होती. माझ्यापाशी आली तेव्हा मी ताटावर हात धरला आणि भाकरीबरोबर चटणी तेवढी द्या म्हणालो.

"का वो मास्तर? पिटलं नगं?"

"नको, आजी."

"पिटलं नगं म्हनं! ह्या गोऱ्या पोरी बोटं चाटत्यात आन तुमाला नगं. पिझ्झा आनू व्हय तुमास्नी?"

पंगतीतली मुलं हसली. बाईंनी मला विचारलं की त्या काय म्हणाल्या. मी सांगितलं.

"तुम्हाला का नको?"

मी म्हणालो की आमच्याकडे घरात कुणी गेलं की त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे लोक पिठलं-भाकरी आणतात. घरच्यांना खायची इच्छा नसते, म्हणून कुणीतरी पहिला घास हाताने भरवतं. त्याला कडू घास म्हणतात.

बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. शिक्षकांना अशी माहिती आवडते.

"तुमच्या घरी कधी आणलं होतं?"

"सप्टेंबरमध्ये. आमच्या सोसायटीत सगळीकडचे लोक आहेत. त्यामुळे तीन घरांतून तीन प्रकारचं पिठलं आलं. नागपूरच्या शेजाऱ्यांचं सगळ्यात तिखट होतं."

"कोण गेलं होतं?"

त्यांनी सरळ विचारलं. मी सरळ सांगितलं. ते एकच वाक्य होतं आणि दुसऱ्याची गरज पडली नाही.

बाईंनी ताट खाली ठेवलं. अंगणात मुलं आणखी भाकरी मागत होती. त्यांनी एकदा त्या मुलांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी रोज तुम्हाला विचारत होते."

"हो."

"आणि तुम्ही रोज म्हणालात, तशीच आहे."

"ती तशीच होती."

"हे विनोदी नाही."

"नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या मुलांनी तिच्यासाठी चित्रं काढली. मी तिच्या आजारासाठी मध आणला. तुमच्या मुख्याध्यापिका, तुम्ही, ही सगळी मुलं, सगळ्यांना माहीत होतं. बाकीचे पाहुण्यांसाठी म्हणून गप्प राहिले असतील. तुम्ही का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारत होतात म्हणून," मी म्हणालो.

हे त्यांना पहिल्यांदा समजलं नाही. मीही ते आणखी सोपं करून सांगू शकलो नाही. त्या शेताकडे बघत राहिल्या. नंतर त्यांनी आपलं ताट उचललं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्यासमोर धरला.

मी खाल्ला. मीठ जरा जास्त होतं.

आजी दारातून बघत होती. "आता कसं ग्वाड लागलं? मगाशी लई नखरं चाललं व्हतं."

जेवणं झाल्यावर बाईंनी आपल्या मुलांना बसपाशी गोळा केलं आणि त्यांच्या भाषेत सांगितलं. आमची मुलं थोड्या अंतरावर उभी राहून त्यांचे चेहरे बघत होती. नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. वाळवंटांची नावं पाठ असलेल्यांपैकी होती.

"सर, सांगितलं का त्यांना?"

"हो."

"मग आता रडलं तर चालेल का?"

मी म्हणालो, चालेल.

पीटीचे सर गोठ्याच्या मागे जाऊन मुख्याध्यापिकांना फोन लावत होते. तिथे रेंज खरोखरच कमी होती, त्यामुळे ते ओरडून बोलत होते आणि सगळ्यांना ऐकू येत होतं. "मॅडम, कळलं त्यांना! ... सगळ्यांना! ... नाही, मी नाही, सरांनीच सांगितलं ... पोरं? आपली रडतायत ... नाही, त्यांची नाही रडत ... आता त्यांचीपण." मग थोडा वेळ ऐकून घेत ते म्हणाले, "उद्याच्या लेझमीचं मी काय सांगू, मॅडम?"

बस इथवर आलीच होती, म्हणून आम्ही धरणावर गेलो. रडून झाल्यावर मुलांना भूक लागते, म्हणून रस्त्यात कणसं घेतली. धरणापाशी वारा होता. बाई आपल्या मुलांना पाण्याकडे हात करून काही समजावत होत्या. पूर्वेकडे बोट, मग डोंगराकडे, मग खाली. त्यातलं मला मुळशी हा शब्द आणि माझ्या पत्नीचं नाव एवढंच कळलं. ते नाव त्यांनी दोनतीनदा घेतलं. आमची मुलं बाजूला उभी होती, त्यांनी मध्येच इंग्रजीत दुरुस्ती केली की वीज मुंबईला जाते, मॅडमनी तसं सांगितलं होतं. मग ती मॅडमनी सांगितलेलं बाकीचंही सांगायला लागली. या वेळी कुणी ताकीद दिलेली नव्हती आणि सगळी एकदम बोलत होती.

शुक्रवारी सकाळी बाई मुख्याध्यापिकांबरोबर माझ्या घरी आल्या. मुख्याध्यापिकांनी वाटेत त्यांना रीत समजावली असावी. त्या आत आल्या, खुर्चीवर टेकल्या, पाणी प्यायल्या नाहीत. त्यांनी भिंतींकडे पाहिलं. मग मुख्याध्यापिकांनीही भिंतींकडे पाहिलं. रंगाला बरीच वर्षं झाली आहेत.

"माझं चुकलं," मुख्याध्यापिका इंग्रजीत म्हणाल्या. "मी पहिल्याच मेलमध्ये लिहायला हवं होतं."

"तुम्ही लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "मला वाचता आलं नाही."

त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतले दगड पाहायला मागितले. एकेक हातात घेऊन त्यांनी तो कुठला असेल ते मला सांगितलं, आणि मी त्यातलं बरंचसं विसरलो आहे. दगड परत ठेवताना त्या म्हणाल्या, "तुम्ही काल म्हणालात, तुम्ही विचारत होतात म्हणून. ते मला रात्री समजलं." मी मान हलवली. "पण आता मी विचारू शकत नाही," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, हो, ते मला माहीत आहे.

दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत आणि घरच्यांनी दारापर्यंत पोचवायचं नसतं. बाई उठल्या आणि काही न बोलता बाहेर पडल्या. मी जागेवर बसून राहिलो. जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज बराच खालपर्यंत आला. दुपारी समारंभ झाला. लेझीम झाली नाही. बस मुंबईच्या रस्त्याला लागली.

याला आता वर्ष होऊन गेलं. शाळेत भूगोलाला नव्या शिक्षिका आल्या आहेत. त्या नकाशा पडद्यावर दाखवतात. दोन शाळांचं येणं-जाणं चालू आहे, आणि यंदा आमची मुलं तिकडे जाऊन आली. पाहुण्या बाई अधूनमधून मेल पाठवतात. मी कसा आहे असं विचारतात. मी बरा आहे असं कळवतो. सकाळच्या सुट्टीत ग्रंथालय उघडं असतं. तिथे मी असतो. ती कशी आहे असं आता कुणी विचारत नाही.